जुनी स्की-डू घेताय? आधी दोरी ओढू नका

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात १९७३ ची स्की-डू ऑलिंपिक ३०० (बर्फावर चालणारी गाडी, म्हणजे स्नोमोबाईल) तीस वर्षं पडून आहे, तो तीनशे डॉलरला देतोय, आणि म्हणतोय ताजं पेट्रोल घाला, दोरी ओढा, लगेच चालू होईल. होईलही. पण कृपा करून तसं करू नका, माझी पहिली स्नोमोबाईल अशीच गेली. तिसऱ्या झटक्यात सुरू झाली, पोरं अंगणात नाचायला लागली, आणि पाचेक मिनिटांनी मी थ्रॉटलला हात लावलेला नसताना आवाज आपोआप चढत गेला, स्विच बंद करेपर्यंत इंजिन जाम. उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलेलं.

कारण निघालं क्रँकचं सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी कडी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच पंप असतो, पेट्रोल-ऑइल आणि हवा तिथूनच वर जाते. सीलचं रबर इतक्या वर्षांत कडक होतं, मग बाहेरची हवा आत घुसते, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तेही कमी पडतं. घरी राजदूत किंवा जुनी बजाज वापरलेल्यांना हे लगेच कळेल. म्हणून माझं ठाम मत, इतकी वर्षं उभी असलेल्या गाडीची दोन्ही सील न विचारता बदलायची, ती स्वस्त असतात, पिस्टन आणि सिलिंडर नाही.

आता गोठ्यात गेल्यावर काय बघायचं. प्लग काढा आणि दोरी हळू, हाताने अंदाज घेत ओढा. फिरत नसेल तर जोर लावू नका, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून चार-पाच दिवस थांबा, बऱ्याचदा सुटतं. फिरत असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडून सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावा, ११० पीएसआयच्या वर असेल तर मी खूश, १०० च्या खाली असेल तर रिंगांचा खर्च धरूनच भाव करा.

मग ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा फिरणारा रबरी पट्टा. खरा पैसा इथे जातो. रबरावर बारीक भेगा असणारच, पण आतले धागे दिसत असतील किंवा कडा फाटल्या असतील तर सोडून द्या. मागची बाजू उचलून ट्रॅक हाताने पूर्ण फिरवा. ऑलिंपिकला बोगी सस्पेन्शन आहे, म्हणजे खाली छोट्या चाकांच्या जोड्या, त्यातलं एकेक चाक बोटाने फिरवून खरखर ऐका.

आणि उंदीर! इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं, ती हवा पत्र्याच्या झाकणाखालून सिलिंडरच्या फिनांवरून (पातळ पट्ट्यांवरून) जाते, आणि उंदरांना नेमकी तीच जागा आवडते. मी एकदा झाकण काढलं तर सीटचा पिवळा फोम, गवत आणि मेपलच्या बिया फिनांच्या फटींत घोंगडीसारख्या दाबून बसलेल्या, वरून काहीच दिसत नव्हतं. तसंच चालवलं असतं तर इंजिन तापून गेलं असतं. सायलेन्सरमध्येही बघा. हे साफ करताना मास्क लावा आणि आधी ब्लीचच्या पाण्याने ओलं करा, कोरडं झाडू नका, तिकडच्या उंदरांमुळे हंताव्हायरसचा धोका असतो. ब्रेकच्या धुळीवरही हवेचा फवारा मारू नका, त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा.

टिलॉटसन कार्बोरेटर उघडलात की आतला डायफ्रॅम पापडासारखा वाजेल, तो मऊ असायला हवा, किट आणून सगळेच बदला, सोबत पेट्रोलच्या आणि पल्सच्या (कार्बोरेटरमधला पेट्रोल पंप चालवणाऱ्या) नळ्यासुद्धा. टाकी धुतल्याशिवाय नवा थेंब घालू नका. पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) मागे असतात, ते चाक काढायला पुलरच लागतो, हातोडी मारू नका. पॉइंट साफ करून गॅप ०.३५ ते ०.४५ मिमीच्या मध्ये ठेवा.

क्लच बघून घाबरू नका, कायनेटिक होंडाचा व्हेरिएटर पाहिला असेल तर तीच कल्पना. पुलीचे उतार कोरडे आणि स्वच्छ हवेत, तिथे ग्रीस लावायचं नाही, आणि पट्ट्यावरचा गार्ड काढून गाडी चालू करायची नाही. सुरू करण्याआधी थ्रॉटलची केबल दहा वेळा दाबून सोडा, दरवेळी फटकन परत आली पाहिजे. मागची बाजू उचलून ट्रॅक फिरवत असाल तर मागे कुणाला उभं करू नका.

रंग? मी तर लावूच नका म्हणेन. या गाडीमागची गोष्ट माहीत असेल तर ते इंजिनवरचं पिवळं हूड फिकट झालेलंच बरं वाटतं. क्वेबेकच्या व्हॅलकोर्टमध्ये जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, बर्फामुळे रस्ते बंद आणि हॉस्पिटलला नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे तो माणूस आधीपासूनच होता, १९३७ मध्ये त्याची बी-७ ही बर्फगाडी आली आणि १९५९ मध्ये पहिली स्की-डू. मला प्रत्येक जुनी स्की-डू बघताना हे आठवतं. ओरखडे असू देत, फक्त धुऊन पॉलिश करा, आणि सीटचं मूळ कव्हर टिकत असेल तर टिकवा.

स्की-डू आहे हे तुमचं नशीब. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शंभरावर कंपन्या या गाड्या बनवत होत्या, बहुतेक बंद पडल्या, त्यांचे पार्ट शोधताना वर्षं जातात. स्की-डू, तुमच्या मिनेसोटातल्याच रोझोची पोलॅरिस आणि थीफ रिव्हर फॉल्सची आर्क्टिक कॅट, यांचं सामान अजून मिळतं.

ट्रॅक धड आणि इंजिन फिरतंय तर तीनशेला घ्या, नसेल तर शंभरच्या वर जाऊ नका. टनेलवरचा (ट्रॅकच्या वरच्या पत्र्याच्या सांगाड्यावरचा) सिरियल नंबर उतरवून घ्या आणि शेतकऱ्याकडून सहीचा कागद घ्या, तो नंबर त्यात असू दे, डीएनआरच्या (मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) रजिस्ट्रेशनला लागेल. पॉइंटला हात लावाल तेव्हा फ्लायव्हीलचा फोटो दाखवा, पुलर कुठला लागेल ते बघून सांगतो.