संरचनात्मक सुधारणा म्हणजे काय आणि त्यांमुळे राहणीमान कसे उंचावते?

व्याजदर कमी करणे किंवा अनुदान वाढवणे यांचा परिणाम तात्पुरता असतो. संरचनात्मक सुधारणा म्हणजे जमीन, श्रम, भांडवल आणि व्यापार यांचे नियमच असे बदलणे की तेवढ्याच कष्टांतून अधिक मूल्य निर्माण व्हावे आणि त्यामुळे वेतन टिकाऊपणे वाढावे. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत रद्द झाली, तर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने अनेक अप्रत्यक्ष कर एकत्र केले.

शेतीबाबत मात्र हे काम फारच अपुरे आहे. देशातील चाळीस टक्क्यांहून अधिक श्रमिक शेतीत असूनही राष्ट्रीय उत्पन्नातील तिचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपासच आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांनी युरोपचे कीटकनाशक अंशांचे कडक निकष पाळून निर्यात उभी केली. याउलट लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्येच उठली. धोरण असे अचानक बदलत असेल, तर चांगली साठवण आणि प्रक्रिया यांत शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर पैसा गुंतवावा? माझ्या मते निर्यातीचे स्थिर नियम ही येथील सर्वांत निकडीची सुधारणा आहे.

शेतीतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कायम स्वरूपाचे काम मिळायचे असेल, तर कौशल्य प्रशिक्षण आणि खात्रीची वीजही तितकीच आवश्यक आहे.