मांजरीच्या पिल्लासाठी सुरक्षित हार्नेस आणि लीश कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे, धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहता, संध्याकाळी त्याला हार्नेस (अंगात घालायचे पट्टे) आणि लीश (हार्नेसला लावायची दोरी) लावून गच्चीवर न्यायचंय, आणि एच आकाराचं (गळ्याचा आणि छातीचा वेगवेगळा पट्टा, मधे जोडपट्टी), आठच्या आकाराचं (गळ्याभोवती आणि छातीभोवती एकाच पट्ट्याचे दोन फेरे) की जॅकेटसारखं हार्नेस घ्यावं ते ठरत नाहीये. दुकानदार म्हणतो, कुत्र्याच्या पिल्लाचं सगळ्यात छोटं घ्या, चालून जातं.

चालत नाही. अजिबात चालत नाही, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये.

कुत्रं पुढे ओढतं. मांजर घाबरलं की मागे सरतं. त्याचं गळपट्टीचं हाड अगदी बारीक असतं, सांध्याने कशाला जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंमध्ये रुतलेलं असतं. त्यामुळे खांदे आवळून ते स्वतःला हवं तेवढं अरुंद करू शकतं. ज्या पट्ट्यातून डोकं निघालं, त्यातून बाकीचं अंगही निघणार हे धरूनच चालायचं. पुढे ओढणाऱ्या जनावरासाठी शिवलेला पट्टा मागे सरणाऱ्याला कसा पुरेल?

आमची चिंगी तेव्हा तुमच्या पिल्लाएवढीच होती. मे महिना, मुलीला सुट्टी, म्हणून जळगावहून भुसावळला सासरी गेलो होतो, चिंगीला घेऊन. माझे मोठे दीर, त्यांना सगळे जिभाऊच म्हणतात, रेल्वेतून रिटायर झालेले. घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. मी चिंगीचं माप घेऊन हार्नेस मागवलं होतं, ते यायचं होतं. तोवर तिला खोलीबाहेर काढायचं नाही असं मी मुलीला बजावलं होतं. पण मुलीने काकांकडे हट्ट धरला आणि काकांनी पुतण्याला बाजारात पिटाळलं. तो कुत्र्याच्या पिल्लाचं लाल हार्नेस घेऊन आला, सोबत जाड नायलॉनची दोरी आणि तिच्या टोकाला लोखंडी हूक. त्या हुकाचं वजन पाठीवर आलं की चिंगी बसकण मारायची.

मी तेव्हाच सांगितलं होतं. गळ्याच्या पट्ट्यातून माझी चारही बोटं आत जात होती. छातीचा पट्टा पार टोकापर्यंत ओढला तरी पोटाकडे घसरत होता. जिभाऊंचं म्हणणं, आणखी आवळलं तर तिचा जीव गुदमरेल, आणि एवढंसं पिल्लू पळून पळून जाईल कुठे? जाऊबाईंनी मला डोळ्याने खुणावलं, म्हणजे गप्प बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बिबडे घालायला घेतले होते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, ओलं धोतर पसरलेलं, मी आणि जाऊबाई पाण्याचा हात लावून थापत होतो. जिभाऊ चिंगीला घेऊन वर आले. ती चांगली रमली होती, पाण्याच्या थेंबांशी खेळत होती. तेवढ्यात शेजारच्यांनी कूलर लावला. जुना लोखंडी कूलर, मोटर सुरू होताना आधी खडखडाट आणि मग घरघर.

चिंगी जागच्या जागी चपटी झाली. त्या वेळी दोरी सैल सोडून खाली बसायचं असतं. जिभाऊंनी ती आपल्याकडे ओढली. चिंगी त्यांच्याकडे तोंड करून वळली, पुढचे दोन्ही पाय रोवले, कान मागे चिकटवले आणि मागे सरायला लागली. गळ्याचा पट्टा आधी कानांपर्यंत आला, मग कानांवरून सरकला. मग तिने एक कोपर आत घेतलं. घट्ट बांगडी काढताना आपण पंजा आवळतो ना, तसा तिने खांदा आवळला आणि एक पाय बाहेर. दुसरा आपसूक निघाला. ‘जिभाऊ, दोरी सोडा’ एवढं मी म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलं.

ती ओल्या बिबड्यांवरून धावली, कठड्यावर चढली आणि तिथून थेट शेजारच्यांच्या पत्र्यावर. जिभाऊंच्या हातात दोरी, दोरीला लोंबणारं लाल हार्नेस. मी ते हातात घेऊन पाहिलं. दोन्ही बकलं जशीच्या तशी लागलेली होती.

भुसावळचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना पत्र्याचं वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी त्या पत्र्यावर हात टेकवत नाही. आम्ही गल्लीभर फिरलो, वाटीत सुकट घेऊन हाका मारल्या. दिवेलागणीनंतर ती शेजारच्यांच्या टाकीमागच्या फटीत सापडली, तेही मुलीच्या हाकेला तिने बारीक आवाजात ओ दिली म्हणून. मागच्या पायांच्या गाद्यांची सालं निघाली होती. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात कोन घातला. ती बरी होईपर्यंत मुलगी तिच्याशेजारी फरशीवर झोपायची.

आणि त्या रात्री जेवताना जिभाऊ काय म्हणाले? ‘मांजरले कोन्ही बांधस का? तिले मोकयं सोडा.’ आजही लग्नकार्यात भेट झाली की हा विषय निघतोच, आणि चार नातेवाईक त्यांच्या बाजूने मान डोलावतात. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. दोन्ही बकलं बंद आणि मांजर बाहेर, याचा सरळ अर्थ माप चुकलं. मांजराच्या जातीवर त्याचं खापर फोडू नये. आणि मोकळं कुठे सोडायचं? जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही गल्लीत रात्री कुत्र्यांच्या टोळ्या असतात, दिवसा गाड्या असतात, कोणी ना कोणी उंदराचं औषध टाकलेलं असतं. मोकळी सोडलेली मांजरं परत येतात असं म्हणणारे लोक फक्त परत आलेली मांजरं मोजतात.

त्यातही गंमत बघा. मांजराला बांधू नये म्हणणाऱ्या याच लोकांच्या शेतातल्या घरी नवीन पिल्लू आणलं की घराची सवय होईपर्यंत त्याच्या गळ्यात सुतळी बांधून खुंटीला अडकवतात. ते बांधणं नव्हे? गळ्यातल्या दोरीला हिसका बसला की सगळा जोर श्वासनलिकेवर येतो. आखूड दोरीने किंवा साखळीने जनावराला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात गुन्हा आहे. हे मी जिभाऊंनाही ऐकवलंय.

आता तुमचा प्रश्न. एच, आठ की जॅकेट यात फार डोकं शिणवू नका. माझ्या मते पिल्लासाठी दोनच चांगले. एक, मऊ आणि अरुंद पट्ट्यांचं एच, ज्यात गळ्याचं आणि छातीचं माप वेगवेगळं कमी-जास्त करता येतं. दोन, जाळीदार कापडाचं हलकं जॅकेट, ज्याला बकलही असतं. जॅकेट अंगाला जास्त जागी धरतं म्हणून त्यातून निसटणं अवघड, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते गरम होतं, जाडजूड कापडाचं तर नकोच. आठच्या आकाराचं मी पिल्लाला घालणार नाही, ओढ बसली की पट्टे सरकतात आणि गळ्याशी कधी ढिलं, कधी घट्ट होतं. नुसत्या वेल्क्रोवरचं कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका. केस अडकून त्याची पकड जाते आणि उघडताना जो चर्रर्र आवाज होतो त्याने पिल्लू हार्नेसलाच घाबरायला लागतं.

कडी धातूची हवी, आणि ती पाठीवर, छातीच्या पट्ट्याच्या जागी हवी. गळ्याच्या पट्ट्यावर कडी असेल तर प्रत्येक ओढीला तोच पट्टा वर उचलला जातो आणि डोक्यावरून निघण्याचं अर्धं काम तुम्हीच करून देता. झटका बसला की आपोआप उघडणारे गळपट्टे मिळतात, ते नाव-नंबर अडकवायला उत्तम, कारण मांजर कुठे अडकलं तर सुटतं. पण त्याला लीश लावली तर पहिल्याच झटक्याला लीश तुमच्या हातात आणि पिल्लू रस्त्यावर.

माप शिंप्याच्या टेपने घ्या, पिल्लू उभं असताना. गळ्याचा घेर, आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. ‘एक्स्ट्रा स्मॉल’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. सेंटिमीटरचे आकडे बघा. तुमचं माप त्या आकड्यांच्या खालच्या बाजूला बसलं पाहिजे, पण अगदी शेवटच्या टोकाला नको, म्हणजे पिल्लू वाढेल तसा पट्टा सोडता येईल आणि आज गरज पडली तर आवळायलाही जागा राहील. घातल्यावर पट्ट्याखाली एक बोट आरामात जावं, दोन जेमतेम. या वयात आठवड्याला फरक पडतो, दर आठवड्याला बोट घालून बघत जा.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. बाहेर नेण्याआधी बंद खोलीत, दारं-खिडक्या लावून, पिल्लाला उलटं जाऊ द्या. त्याच्या समोर बसा, लीश जमिनीलगत धरा, ओढू नका, फक्त धरून ठेवा, आणि पिल्लाच्या मागून कोणाला तरी खाऊची वाटी वाजवायला सांगा. पिल्लू मागे सरेल. पट्टा कानांच्या दिशेने चढतोय का, कोपर आत जातंय का, तेवढं बघा. चढला तर आवळा आणि पुन्हा बघा. आवळूनही चढला तर ते हार्नेस परत करा, मग ते दोनशेचं असो की दोन हजारांचं. लाल हार्नेस या परीक्षेत पहिल्याच फटक्यात नापास झालं असतं, आणि ते खोलीतच कळलं असतं.

लीश साधी घ्या. नायलॉनची हलकी पट्टी, दीड मीटरच्या आसपास, टोकाला छोटा फिरता हूक. थोडा लवचीक भाग असेल तर उत्तमच, उडी मारल्यावर हिसका कमी बसतो. चाकातून सुटणारी, बटणाची लीश नको. तिचा दोर सतत ताणलेला राहतो, आणि हातातून मूठ पडली की ती खडखडत पिल्लाच्या मागे धावते. पिल्लू त्या आवाजापासून पळत सुटतं आणि आवाज काही त्याची पाठ सोडत नाही.

सवय घरातच लावा. हार्नेस जेवणाच्या वाटीशेजारी पडू द्या, मग जेवताना नुसतं अंगावर, मग बकल लावून थोडा वेळ. सुरुवातीला पिल्लू आडवं पडेल, लकवा मारल्यासारखं चालेल, घाबरू नका, उकडलेलं बिनमिठाचं चिकन दाखवा, उठतं. नंतर लीश लावून आपण त्याच्या मागे जायचं, त्याला आपल्यामागे ओढत न्यायचं नाही. दाराबाहेर नेताना पिशवीत किंवा पिंजऱ्यात घालूनच न्या. स्वतःच्या पायाने उंबरा ओलांडायची गोडी लागली की दार उघडताक्षणी बाहेर धूम ठोकतं.

हो, आणि लसींचं आधी बघा. तीन-एकात लस, म्हणजे तीन आजारांवरची एकच लस, साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत तिचे डोस चालतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर देतात. तुमचं पिल्लू अजून १६ आठवड्यांच्या आत आहे, तेव्हा गच्चीची घाई नको, घरात सराव करा. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध लावू नका, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मांजराला ते विष आहे.

हार्नेस घालून पिल्लाला एकटं सोडू नका, रात्री तर नाहीच. अंग चाटताना खालचा जबडा पट्ट्यात अडकतो. लीश कठड्याला किंवा गॅलरीच्या गजाला बांधून आत चहा ठेवायला जाऊ नका, पिल्लू पलीकडे उतरलं तर लटकेल. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही गच्चीची फरशी बराच वेळ तापलेली असते, आधी स्वतःचा तळहात टेकवून बघा. आणि शंभर टक्के न निसटणारं हार्नेस मांजरासाठी कोणी बनवलेलं नाही, म्हणून कठड्यापासून लांब बसा आणि हार्नेसवरही तुमचा नंबर लिहा.

काही पिल्लांना हे कधीच रुचत नाही. महिनाभर प्रेमाने करूनही ते अंग चोरून कोपऱ्यात बसत असेल तर जबरदस्ती करू नका. त्या पैशात गॅलरीला जाळी मारून घ्या. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची नको, मांजर ती कुरतडतं. बारीक तारेची, चौकटीत घट्ट ताणलेली, खाली फरशीपर्यंत टेकणारी.