ऑपरेशनसाठी तळेगावचा प्लॉट विकावा का?

ताई, पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांना जन्मापासून हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आता वयाच्या ४८व्या वर्षी हृदयाची झडप बदलायची. रुग्णालयाचा अंदाज ७ लाखांचा, हाताशी ९ लाखांची एफडी, आणि तळेगावच्या प्लॉटचं गिऱ्हाईक पंधरा दिवसांत खरेदीखत मागतंय.

प्लॉट विकू नका, निदान आत्ता तरी. घाईत विकणारा भावात मार खातो, आणि नेमके किती पैसे लागणार हेच अजून ठरलेलं नाही. त्या ७ लाखांत फॅक्टर आठ, म्हणजे मिस्टरांच्या रक्तात कमी असलेला आणि इंजेक्शनने द्यावा लागणारा रक्त गोठवणारा घटक, धरलाय का, हे लेखी विचारा. किलोमागे एक युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्के वाढते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला १०० टक्क्यांच्या आसपास न्यायला सव्वातीन हजार युनिट लागतात. ८ ते १२ तासांत ती पातळी निम्म्यावर येते, म्हणून पुन्हा डोस, आणि हे ऑपरेशननंतरही दहा-चौदा दिवस चालतं. मोठा खर्च इथे आहे. सरकारी केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो. पुण्यात ससून रुग्णालयात आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात स्वतः जाऊन चौकशी करा, खासगीत दाखल असताना मिळेल का, हेही विचारा. इनहिबिटरची, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या शरीरातल्या प्रतिपिंडाची, तपासणी त्याआधी व्हायला हवी. तो निघाला तर नेहमीचा फॅक्टर पुरत नाही आणि पर्यायी औषधं कितीतरी महाग, मग सगळं गणितच नव्याने मांडावं लागेल.

झडप कुठली, हे मात्र पैशांवरून ठरवू नका. धातूची जास्त टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. मिस्टरांसारख्यांना ती किती जोखमीची, ते हिमॅटॉलॉजिस्टच, म्हणजे रक्तविकारांचे डॉक्टरच, सांगतील. प्राण्यांच्या ऊतीची बसवली तर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. तुमच्या जागी मी असतो, तर प्लॉट त्यासाठीच राखून ठेवला असता.

कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे म्हणता, तर एचआरकडून खोलीभाड्याची मर्यादा विचारून घ्या. महाग खोली घेतली की इतर बिलातही कपात होते. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा. उरलेल्या रकमेपुरतीच एफडी मोडा, आणि दोन लाख तरी बाजूला ठेवा. रक्तस्राव थांबला नाही तर छाती पुन्हा उघडावी लागते, आणि तेव्हा पैशांसाठी धावपळ नको.

नवीन अंदाजपत्रक हाती आलं की पाठवा, मी एकेक ओळ तपासून देतो.