फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं, मग सबडक्शन झोनमधली (जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथली) मिलिमीटरची हालचाल त्याच जीपीएसने कशी कळते? आणि त्यावरून पुढचा भूकंप सांगता येतो का?

उपग्रह तेच, पण मोजायची गोष्ट वेगळी. अशी हालचाल मोजणाऱ्या जीपीएस स्थानकांची मोजमापं तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन उपग्रहाकडून आलेला कोड वाचतो आणि तो पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आम्ही तो कोड वाहून आणणारी रेडिओलहरच मोजतो. तिची लांबी साधारण 19 सेंटिमीटर, आणि ती या क्षणी चढावर आहे की उतारावर हे शंभराव्या भागापर्यंत ओळखता येतं. म्हणजे झाले दोन मिलिमीटर. मधे पूर्ण लहरी किती होत्या हे मात्र उपग्रह सांगत नाही, ते गणिताने सोडवावं लागतं. शिवाय आमची अँटेना खडकात रोवलेल्या खांबावर वर्षानुवर्षं बसलेली असते आणि 24 तासांच्या मोजमापांतून आम्ही दिवसाचा एकच बिंदू काढतो. आडव्या दिशेत चूक दोन-तीन मिलिमीटर, उभ्या दिशेत तिच्या दुप्पट-तिप्पट. कारण उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही!

आता जपान घ्या. ईशान्य किनाऱ्यापुढे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वेगाने जपानखाली शिरतो. दोन भूपट्ट जिथे एकमेकांना घासतात तिथे ते अडकून बसलेत, त्यामुळे वरचा भाग आत, पश्चिमेकडे रेटला जातो. तेथील जिओनेट जाळ्यात सुमारे 1300 स्थानकं आहेत आणि हे आक्रसणं त्यांत वर्षानुवर्षं दिसत होतं. 11 मार्च 2011 च्या महाभूकंपात अडकलेला भाग सुटला आणि ओशिका द्वीपकल्पावरचं स्थानक 5.3 मीटर पूर्व-आग्नेयेला सरकलं, शिवाय 1.2 मीटर खाली खचलं. प्रत्येक स्थानक कुठे नि किती सरकलं हे नकाशावर बाणाने दाखवतात; किनाऱ्यावरच्या अशा शेकडो बाणांवरून जमिनीखाली कुठे किती घसरण झाली याचं उलटं गणित मांडता येतं.

पण या गणिताची मोठी अडचण अशी की स्थानकं जमिनीवर आणि घसरण बहुतांशी समुद्राखाली. ट्रेंचजवळ, म्हणजे भूपट्ट जिथून खाली शिरायला लागतो त्या समुद्रतळावरच्या खोल चराजवळ, काय चाललंय हे शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या किनाऱ्याला धड जाणवत नाही. रेडिओलहरी पाण्यात जात नाहीत, म्हणून जहाजाची जागा जीपीएसने ठरवायची आणि तिथून तळावर ठेवलेल्या यंत्रांपर्यंतचं अंतर ध्वनीने मोजायचं, असा दोन टप्प्यांचा खटाटोप करावा लागतो. जपानच्या तटरक्षक दलाने असं मोजलं तेव्हा समुद्रतळ एका ठिकाणी 24 मीटर सरकलेला सापडला. माझ्या मते या क्षेत्रात पैसा घालायचाच तर तो आधी समुद्रतळावर घालावा, जमिनीवर आणखी खांब नंतर.

सगळ्यात गंमतशीर गोष्ट कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर सापडली. 1999 मध्ये तिथली नि आसपासची सात स्थानकं भूकंप वगैरे काही नसताना काही आठवडे नेहमीच्या उलट दिशेने चालली. खोलवर भूपट्ट हळूहळू घसरत होता. एका झटक्यात सुटला असता तर 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला असता. हे दर चौदा-एक महिन्यांनी घडतं, असं पुढे कळलं. (मीही एकदा एका स्थानकावर सहा मिलिमीटरची पायरी पाहून दोन दिवस हुरळून गेले होते. शेजारची स्थानकं ढिम्म! नोंदवही उघडली तर त्या दिवशी अँटेना बदललेली.)

भाकिताचं म्हणाल, तर नाही. भूपट्ट कुठे अडकलाय आणि वर्षाला किती घसरण थकतेय, म्हणजे व्हायची राहून जातेय, एवढं जीपीएस सांगतं. वर्षाला आठ सेंटिमीटर थकत असतील तर शंभर वर्षांत आठ मीटर. पण खात्यात आधीची बाकी किती होती आणि किती झाल्यावर ते फुटेल, हे त्यात लिहिलेलं नसतं. खरा उपयोग भूकंप झाल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत होतो. 2011 मध्ये जपानचा पहिला अंदाज 7.9 होता, प्रत्यक्षात निघाला 9.0. महाभूकंपात भूकंपलहरींवरून चटकन काढलेला आकडा असा कमी पडू शकतो. जमीन किती मीटर सरकली हे जीपीएस सरळ दाखवतं, आणि त्सुनामीच्या इशाऱ्याला तोच आकडा हवा असतो.

स्वतः बघायचं असेल तर नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरीच्या साइटवर हजारो स्थानकांचे आलेख फुकट आहेत. त्याच व्हँकुव्हर बेटावरचं, व्हिक्टोरिया शहराजवळचं अल्बर्ट हेड स्थानक उघडा. आलेख उत्तर अमेरिका स्थिर धरलेला घ्या, नाहीतर अख्ख्या खंडाची चाल त्यात मिसळते. पूर्व-पश्चिम रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसेल: बरेच महिने पूर्वेकडे चढत जाते, मग दोन-तीन आठवड्यांत चार-पाच मिलिमीटर मागे येते.