त्याचं स्वतःचं असं तिथे काय आहे?

प्रश्न : ताई, माझी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. मेहुणे दारूत बुडालेले. 9 वर्षांचा भाचा बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेले, तर मी दिवाळीला नेलेला शर्ट दुसऱ्याच मुलाच्या अंगात. तिथल्या बाई म्हणाल्या, "इथं सगळ्यांचं सगळं सारखंच." तक्रार केली तर त्रास त्यालाच होईल ना?
– एक मावशी, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. मी 26 वर्षं बालगृहात अधीक्षिका होते. सुरुवातीला तपासणीला सोपं पडतं म्हणून मीही मुलांच्या पेट्यांची कुलपं काढून घेतली होती. एका मुलाने कुलूप दिलं, किल्ली दिली नाही. करदोट्याला बांधलेली ती किल्ली तो आंघोळीलाही सोडायचा नाही. बऱ्याच दिवसांनी त्याने पेटी दाखवली. आत दोन गोट्या आणि आईबरोबर ज्या एसटीने आला तिचं तिकीट. शाई पार उडालेली, कोरा कपटाच तो. त्याच दिवशी मी सगळ्यांची कुलपं परत केली.

बाल न्याय अधिनियम 2015 खालच्या 2016 च्या आदर्श नियमांत शयनगृहात प्रत्येक मुलामागे 40 चौरस फूट जागा धरली आहे. पण जागा टेपने मोजता येते. तुम्ही विचारा वैयक्तिक देखभाल योजनेबद्दल. ती प्रत्येक मुलाची वेगळी असते: तब्येत, शाळा, मनाची स्थिती, घरी परतण्याची शक्यता. ती मुलाशी बोलून लिहायची आणि वेळोवेळी बदलायची असते. तुमच्या भाच्याची शेवटची कधी लिहिली आणि त्यात मावशीचं नाव आहे का, हे अधीक्षकांना शांतपणे विचारा.

तुमची भीती खरी आहे, म्हणून आधी त्याच्याशी एकट्याशी बोला. "जेवतोस का नीट?" असं विचारलंत तर मान हलवेल नुसती. "रात्री पोटात दुखलं तर कुणाला उठवतोस?" असं विचारा. पटकन एक नाव आलं तर अर्धा घोर मिटला. मार किंवा नको तो स्पर्श कानावर आला, तर त्याच दिवशी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन आणि समितीकडे लेखी अर्ज. संस्थेत शिस्तीच्या नावाखाली मारणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 82 खाली गुन्हा आहे. कपड्यांचंही समितीला लिहा. महिन्यातून किमान 2 वेळा संस्थांची पाहणी करणं तिचं कामच आहे. मात्र अर्जात "मी पाहिलं" असं लिहा, "भाच्याने सांगितलं" असं नको. पोच घ्या.

आणि राग मानू नका, पण त्याला तुमच्याकडे आणता येईल का? कायद्यानेही संस्था हा शेवटचाच पर्याय. घरची सामाजिक तपासणी करून समिती मुलाला नातेवाइकांकडे सोपवू शकते. बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात, त्याची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा. एवढ्यात मूल वाढत नाही हे मला कळतं, पण वह्या-चपलांचं निघतं.

नाहीच जमलं, तर भेटीचा दिवस चुकवू नका. तुम्ही यायच्या आधी तासभर तो फाटकाशी उभा असतो, हे मी रोज पाहिलेलं आहे. पुढच्या वेळी अधीक्षकांना सांगून एक लहान कुलूप घेऊन जा. किल्ल्या दोन येतात. एक त्याला द्या, एक तुमच्याकडे ठेवा.