घोड्याच्या शँकवाल्या कर्ब बिटची (तोंडात बसणारी धातूची दांडी, जिच्या दोन्ही टोकांना लगाम बांधायच्या उभ्या पट्ट्या म्हणजे शँक असतात) हनुवटीखालची साखळी किती घट्ट बांधावी?

साखळी आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं सहज जातील इतकी सैल ठेवा, आणि साखळीला पीळ राहू देऊ नका. खरी खात्री लगाम ओढून करा: शँक मूळ जागेपासून साधारण ४५ अंश मागे आली की साखळी लागायला हवी. आधीच लागली तर घोड्याला इशारा समजण्यापूर्वीच दाब बसतो. फार उशिरा लागली तर बिट तोंडात नको इतकं फिरतं. शँकचा तोंडातल्या दांडीच्या वरचा भाग दीड इंच आणि खालचा साडेचार असेल, तर हाताची ओढ साखळीवर तिप्पट होते. म्हणून लगाम ओढून धरू नका, घोड्याने ऐकताच सोडा. स्नॅफलवर (शँक आणि साखळी नसलेल्या साध्या बिटवर) नीट थांबत-वळत नसलेल्या घोड्याला मात्र हे बिट लावूच नये.