वाचकांचे प्रश्न : रिमोट कारच्या शॉकमधली हवा

प्रश्न : माझ्या 1:10 (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) बग्गीच्या शॉकच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळीच्या, टोपीत बारीक स्क्रू आहे, रबरी पडदा नाही. तेल काठोकाठ भरून, हवेचा थेंबही न ठेवता टोपी लावली. आता शाफ्ट (नळीत आत-बाहेर होणारा दांडा) पूर्ण आत जातच नाही आणि जोर लावला तर खालून तेल येतं. काय चुकलं?

उत्तर : हवेचा थेंबही ठेवला नाहीत, तेच चुकलं. शाफ्ट आत येतो तेव्हा स्वतःपुरती जागा मागतो. 3 मिमी जाडीचा शाफ्ट 25 मिमी आत शिरला की साधारण 0.18 मिली जागा व्यापतो; 3.5 मिमीचा असेल तर 0.24 मिली. तेल काही दबत नाही, मग ते सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या खालच्या ओ-रिंगेतून (गोल रबरी कडीतून) वाट काढतं.

स्प्रिंग काढून ठेवा. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, तेल वरून 2-3 मिमी कमी राहील इतकं भरा. पिस्टन (शाफ्टच्या आतल्या टोकाची भोकांची चकती) हळूहळू वर-खाली करा, पण तेलाच्या पातळीच्या वर येऊ देऊ नका. वर आला की प्रत्येक खेपेला नवी हवा घेऊनच खाली जातो. घाईने हलवलंत तर ताकासारखा फेस होतो. बुडबुडे पिस्टनच्या खालच्या बाजूला चिकटून बसतात, ते दोन-चार सावकाश फेऱ्यांनंतरच सुटतात. मग पिस्टन तळाशी नेऊन शॉक दहा मिनिटं उभा ठेवा.

आता कमी पडलेलं तेल घाला, स्क्रू काढलेली टोपी घट्ट करा. भोक सर्वांत उंच येईल असा शॉक किंचित तिरका धरा, त्यावर चिंधी ठेवा आणि शाफ्ट सावकाश आत दाबा. जादा तेल बाहेर येईल. शाफ्ट पूर्ण आत असतानाच स्क्रू लावला तर शॉक उसळणार नाही, म्हणजे दाबून सोडल्यावर शाफ्ट आपोआप बाहेर येणार नाही, उलट बाहेर ओढलेला शाफ्ट थोडा आत खेचला जाईल. थोडी उसळी हवी असेल तर शाफ्ट अर्धा बाहेर असताना लावा. किती ठेवायची हे आवडीवर आहे. डावा-उजवा सारखा असणं त्याहून महत्त्वाचं. दोन्ही शॉक शेजारी धरून एकदम दाबा आणि सोडा, फरक बोटांनाच कळतो.

प्रश्न : दाबताना फच्-फच् आवाज येतो. पुन्हा उघडू का?

उत्तर : टोपीखाली पडदा असेल, तर हो. त्या रचनेत हवेची जागा पडद्याच्या वर, तेलाची खाली. आवाज आला म्हणजे हवा खाली अडकली आहे. तेल काठापर्यंत भरून पडदा एका कडेने टेकवत बसवा, सपाट दाबू नका. पहिल्या प्रश्नातल्यासारखा पडदा नसलेला स्क्रूचा शॉक असेल, तर त्यात हवा तेलात मिसळूनच चालते. काही वेळ पडून राहिला की वेगळी होते, म्हणून पहिल्या चार-पाच दाबांना आवाज येणारच. तपासण्याआधी दहा-पंधरा वेळा हलवा.

प्रश्न : नव्या ओ-रिंगा घालूनही गळती थांबत नाही. आणि शॉकमध्ये इंजिन ऑइल चालेल का?

उत्तर : शाफ्टवर नख फिरवून पाहा. खालचा सांधा आवळताना शाफ्ट साध्या पकडीत धरला असेल तर ओरखडा पडतो आणि तो प्रत्येक नवी रिंग कापतो. शाफ्ट बदला, पुढच्या वेळी शाफ्टसाठी मिळणारी खाचेची पकड वापरा. शाफ्टचे आटेही रिंग कापतात; रिंगेतून घालण्याआधी आट्यांना तेल लावा, फिरवत सरकवा.

इंजिन ऑइल नको. त्याने काही ओ-रिंगा फुगतात आणि उन्हाळ्यात ते फार पातळ होतं. सिलिकॉन तेलच घ्या, पण आकडा नीट वाचा : टीम असोसिएटेड या कंपनीचं 30 डब्ल्यूटी (बाटलीवरचा घट्टपणाचा आकडा) म्हणजे 350 सेंटीस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक), 35 म्हणजे 425, 40 म्हणजे 500. दुसऱ्या कंपनीचं 30 तितकंच घट्ट असेल असं नाही. म्हणून बाटली बदलताना सेंटीस्टोक्स जुळवा.